बाभुळखडीचे अकरा कॅन

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा मी सर्व्हरला उदबत्ती ओवाळत होतो. न पेटवलेली. संगणक-कक्षात धूर चालत नाही, छतावरचं यंत्र लगेच बोंब मारतं. म्हणून आमच्या विभागप्रमुख हर्डीकर मॅडमनी मला तेवढीच सवलत दिली होती. "गुरव, ओवाळायचं तर ओवाळा, पण काडी पेटवायची नाही. देवाला भाव कळतो, छतावरच्या यंत्राला कळत नाही."

मी फोन उचलला. "दूध संघ, संगणक विभाग. रामकृष्ण हरी."

"हरी नंतर. आधी सांग, तुझं मशीन मेलंय का जितं हाय?"

बाभुळखडीचे रखमाजी खोत. आमच्या संघाचं तिथं दूध शीतकरण केंद्र होतं, खोत त्याचे प्रमुख. माणूस तसा मायेचा, पण संगणकाचा त्यांना मनापासून तिटकारा. मला ते खुशीत असले की 'गुरवसाहेब' म्हणायचे, नसले की नाव मोडून 'सोप्या'.

"जिवंत आहे की, खोतसाहेब. आत्ताच ओवाळलं."

"मग मला का खायला उठलंय? तिसऱ्यांदा बटण दाबलं. तीन शेकंद इचार करतंय आन् लाल अक्षरात शिव्या देतंय."

"शिव्या वाचून दाखवा."

त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून वाचलं. अर्थ एवढाच होता, की दूरचा प्रोग्रॅम अर्ध्यात बंद पडला, मुख्य कार्यालयाला विचारा.

"मग इचारतोय की," खोत म्हणाले. "मुख्य कार्यालय मंजी तूच न्हवं?"

याला आता पंचवीस वर्षं झाली, म्हणून त्या वेळची रीत सांगतो. आमचा सर्व्हर टेबलावर मावणारा नव्हता आणि मोठ्या बँकांतल्यासारखा खोलीभरही नव्हता. मधल्या पट्टीचा, गोदरेजच्या कपाटाएवढा. बाभुळखडी तिथून बहात्तर किलोमीटर. खोतांच्या टेबलावर नुसता एक पडदा आणि कळफलक, मधे टेलिफोनची लाईन. त्यांनी तिकडे कळ दाबली की प्रोग्रॅम चालायचा इकडे, आमच्या सर्व्हरवर. टँकरचं चलन इथल्या प्रिंटरवर छापलं जायचं आणि चलनाचा नंबर तिकडे खोतांच्या पडद्यावर उमटायचा. तो नंबर मिळाल्याशिवाय टाकीतलं दूध टँकरमध्ये सोडायचं नाही, असा पाडव्यापासून हुकूम होता. आधीच्या वर्षी हातानं लिहिलेल्या एकाच नंबराच्या दोन चिठ्ठ्यांवर दोन टँकर आले होते, त्यातून निघालेला हा हुकूम. बाकीच्या केंद्रांना लाईन मिळायची होती. पहिला मान बाभुळखडीचा.

"हे बघ," खोत म्हणाले, "माझी टाकी काठोकाठ भरलीय. काल सांजचं दूध हाय तिच्यात. टँकर दारात उभा. सकाळचं दूध यायला लागलंय, ते ओतू कुठं? माझ्या बोडक्यावर? एकशे वीस कॅन अंगणात मांडून ठेवलेत. चैताचं ऊन हाय, सोप्या. दहाच्या पुढं ह्यातलं एकेक नासायला लागंल. मला नंबर दे."

"देतो. घाबरू नका."

मला खरंच काळजी वाटत नव्हती. आदल्या संध्याकाळचं कीर्तन अजून कानात होतं. राममंदिरात पाडव्यापासून रामनवरात्राचं कीर्तन चालू होतं, वेणूताई मांडक्यांचं. नऊ दिवसांचं एकच आख्यान, रोज बरोबर पाचला सुरू. पहिले दोन दिवस मी कामातून सुटलोच नाही, पोचलो ते आरतीलाच. तिसऱ्या दिवशी मात्र पूर्वरंगाच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसलो होतो. काय गळा! त्या नमनाला उभ्या राहिल्या आणि मला वाटलं, आता डोळे मिटले तरी चालेल. सकाळी ऑफिसला येतानाही मी तेच गुणगुणत होतो आणि फोन ठेवल्यावरही तेच गुणगुणत कामाला लागलो.

आधी खोतांचा पासवर्ड बघितला. ठीक होता.

मग लाईन. सर्व्हरवरून बाभुळखडीला हाक मारून बघायची सोय असते, पलीकडचं यंत्र ओ देतं. मी पाच हाका मारल्या, पाचांना ओ आली. तरीही मी खोतांना फोन करून ठणकावून सांगितलं, "लाईन आहे, पण ती कच्ची असणार. तुमच्या मोडेमचे दिवे बघा."

"चार लागलेत. एक डोळा मारतोय."

"तो डोळा मारतो तेच चुकतंय."

"सोप्या, त्यो पाडव्यापासनं डोळा मारतोय. तवा कुणाचं काय चुकलं न्हाई."

मी टेलिफोनच्या लाईनमनला, बागवानला, फोन केला. तो बाभुळखडीच्या फाट्यावरच राहायचा. म्हणाला, "माझी लाईन एकदम टकाटक आहे, गुरवभाऊ." मी म्हणालो, "बागवानभाई, नऊ हजार लिटर दुधाचा प्रश्न आहे. एकदा खांबावर चढाच." बिचारा न्याहारी टाकून चढला.

साडेआठला हर्डीकर मॅडम आल्या. बाई बारीक, आवाज हळू, पण त्यांनी 'असं का?' म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटायचा. मी सगळं सांगितलं आणि शेवटी जोडलं, "लाईनच आहे, मॅडम."

"असं का? पाच हाकांना पाच ओ आल्या तरी?"

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी पदर खोचला आणि बसल्या. प्रोग्रॅम जागेवर आहे का? आहे. खोतांना तो चालवायची परवानगी आहे? आहे. मग लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमचं सामान ठेवायची कपाटं, बघितली. आपण सर्व्हरसमोर बसून काम करतो तेव्हा कोणकोणती कपाटं उघडी असतात ते ठरलेलं असतं. दुरून आलेल्या कामाला कधीकधी वेगळीच कपाटं उघडी मिळतात, मग त्याला आपली वस्तू सापडत नाही. तीही यादी बरोबर निघाली. शेवटी मॅडमनी खोतांचाच प्रोग्रॅम आपल्या जागेवरून चालवला. तो मात्र अडला नाही, प्रिंटरची खात्री करून घेण्यापर्यंत सरळ गेला. चाचणीचं चलन वाया नको म्हणून त्यांनी तो तिथंच थांबवला.

"इथून चालतो, तिथून मरतो," त्या म्हणाल्या. "आणि कालपर्यंत तिथूनही चालत होता. काल काय बदललं, गुरव?"

"काही नाही, मॅडम," मी म्हणालो. माउलीशपथ सांगतो, मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या डोक्यात वेणूताईंचं आख्यान इतकं भरलं होतं, की आदल्या दिवशीच्या ऑफिसला जागाच उरली नव्हती.

साडेनऊला पुन्हा खोत. "सोप्या, कॅनांवर ओली पोती टाकलीत. विहिरीचं पाणी मारतोय. बायामाणसं भांडायला उठल्यात. मी त्यास्नी काय सांगू?"

"सांगा, मुख्य कार्यालय प्रयत्न करतंय."

"त्ये सांगितलं. त्या म्हनल्या, म्हशीला सांगा."

"हाताच्या चिठ्ठीवर नाही का सोडता येणार?" मी मॅडमना विचारलं. त्यांनी संघाच्या एम. डी. साहेबांना विचारलं. साहेबांचं उत्तर दारातूनच ऐकू आलं, "चार दिवस झाले नाहीत नियमाला! आज एकदा मोडला की उद्या सगळीच केंद्रं मोडतील. दहा पंचेचाळीसपर्यंत थांबा. तोवर झालं नाही तर मी बघतो."

दहा वाजून पाच मिनिटांनी पहिला कॅन नासला. खोतांनी फोनवर एवढंच सांगितलं, "एक गेला." शिवी नाही, काही नाही. मला त्यांच्या शिव्यांची सवय होती. माझं गुणगुणणं तिथं थांबलं.

एम. डी. साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "गुरव, आपण सगळे ती शेवटची लाल ओळच वाचतोय. तो प्रोग्रॅम तीन सेकंद जिवंत होता ना? त्या तीन सेकंदांत त्यानं काय काय केलं त्याची नोंद सर्व्हर ठेवतो. ती पहिल्यापासून वाचा. एकही ओळ गाळू नका."

मी वाचायला बसलो. काम आलं. खोतांचं नाव ओळखलं. प्रोग्रॅम सुरू झाला. टाकीचा आकडा घेतला. टँकरचा नंबर घेतला. मग एक प्रश्न होता: प्रिंटरला चलनाचा तीनरंगी कागद लावला आहे का? असेल तर पुढे जाऊ, नसेल तर रद्द करू?

हा प्रश्न तो दर वेळी विचारायचा. कुणाला? तर मुख्य कार्यालयात जो सर्व्हरपाशी बसलेला असेल त्याला. म्हणजे मला. मी मान वळवून प्रिंटर बघायचो आणि 'पुढे जा'ची कळ दाबायचो. पण त्या सकाळी माझ्या पडद्यावर प्रश्न आलाच नव्हता.

पुढची ओळ वाचली. उत्तर: रद्द करा. उत्तर कुणी दिलं: कुणी नाही, आपोआप. आपोआप उत्तराची सोय कुणी लावली: एस. गुरव. कधी: काल, चार वाजून बावन्न मिनिटांनी.

माझे कान तापले. सगळं आठवलं.

खोत रोज साडेपाचला सकाळच्या संकलनाचा तक्ता छापायला लावायचे. तेव्हाही सर्व्हर कागदाचा प्रश्न विचारायचा, आणि त्या एका 'हो'साठी मला सहापर्यंत बसावं लागायचं. पहिले दोन दिवस कीर्तन चुकलं ते यामुळेच. तिसऱ्या दिवशी मी युक्ती केली. सर्व्हरला असं शिकवून ठेवता येतं, की अमुक ठिकाणच्या कामानं काही विचारलं तर मला विचारू नकोस, हे उत्तर देऊन टाक. 'पुढे जा' शिकवलं असतं तर कधीतरी भलत्याच कागदावर छापलं गेलं असतं. म्हणून मी मोठ्या शहाणपणानं 'रद्द' शिकवलं. तक्ता काय, तो रद्द झाला तरी खोतांच्या पडद्यावर काही उमटत नाही; सकाळी मीच छापेन. सकाळी आल्याबरोबर ही सोय काढून टाकेन.

सकाळी आल्याबरोबर मी उदबत्ती ओवाळली.

खोलीत कुणी नव्हतं. मी ती सोय काढून टाकली. चार कळा, बस्स. मग फोन लावला. "खोतसाहेब, आता दाबा."

प्रश्न माझ्या पडद्यावर आला. मी 'पुढे जा' दाबलं. प्रिंटर खडखडला, तीनरंगी चलन बाहेर पडलं आणि फोनमध्ये बाभुळखडीच्या अंगणातला असा ओरडा ऐकू आला, की जणू कुस्तीचं मैदान मारलं.

"आला! नंबर आला! सोडा रं दूध! गुरवसाहेब, तुमच्या तोंडात साखर!"

दहा वाजून बेचाळीस मिनिटं. मॅडम आणि एम. डी. साहेब धावत आले. इतक्यात दुसरा फोन वाजला. बागवान. "गुरवभाऊ, बघा! वरचा जोड जरा ढिला होता. पक्कड मारली आणि पाच मिनिटांत चालू!"

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "शाबास, बागवान. उन्हात दोन तास खांबावर राहिलात. तुमच्या साहेबांना कौतुकाचं पत्र पाठवतो." फोन ठेवून ते मॅडमना म्हणाले, "बघा, जोड ढिला. आणि आपण काय काय तपासत बसलो!"

मी काही बोललो नसतो तर ते तिथंच मिटलं असतं. बागवानला पत्र मिळालं असतं, मला 'गुरवसाहेब' मिळालं होतंच. त्या दिवशी पाचला मी पुन्हा पहिल्या रांगेत बसलो असतो.

मॅडम मात्र समाधानी नव्हत्या. "ती नोंद वाचली का, गुरव? काय होतं?"

"मी होतो," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वाचलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं.

"चार बावन्न," मॅडम हळूच म्हणाल्या. "कीर्तन किती वाजता असतं?"

"पाचला."

"असं का?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा पारा चढलाय हे दिसत होतं, पण माणसानं एकदम कबुली दिली की कुठून सुरुवात करावी ते साहेबलोकांना सुचत नाही. शेवटी म्हणाले, "ते बागवानचं पत्र… असू दे. चढला तर होताच. पण बाभुळखडीला तुम्हीच सांगा, आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर."

मी फोन लावला. खोतांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती नासले, खोतसाहेब?"

"अकरा." मग म्हणाले, "भरपाईचं संघ बघंल. ती अकरा माणसं मला इचारत्यात, आमचं दूध कशानं नासलं. मी लाईन सांगितली. आता ती बी खोटी निघाली. तू असं कर, सोप्या. एकची यष्टी पकड. सांजचं दूध घालायला साडेपाचला समदी येत्यात. तुझ्या तोंडानं तूच सांग."

साडेपाच. तिकडे वेणूताईंचा उत्तररंग सुरू होण्याची वेळ. आदल्या दिवशी त्यांनी आख्यान अशा जागी थांबवलं होतं, की सगळं देऊळ हळहळत घरी गेलं होतं.

"येतो," मी म्हणालो.

केंद्राच्या ओट्यावर कॅनांची रांग होती. चाळीसेक माणसं, निम्म्याहून जास्त बायका. खोतांनी माझी ओळख करून दिली. "ह्यो बघा. सकाळचं कारण चालत आलंय."

मी हात जोडले. काय बोलायचं ते बसमध्ये तीन तास घोकलं होतं, पण तोंड उघडलं आणि ऑफिसची भाषा पार पळाली. मला एकच बोलणं येत होतं, जन्मभर ऐकलेलं.

"मंडळी," मी सुरात म्हणालो, "मनुष्यदेह दुर्लभ. त्याहून दुर्लभ सत्संग—"

"आरं खुलासा कर," खोत म्हणाले. "मनुष्यदेहावर कुठं चाललास?"

माणसं हसली. पण दोन बाया खाली बसल्या, आणि त्या बसल्या म्हणून बाकीच्याही बसल्या. एकजण कॅनच्या झाकणावर बोटांनी ठेका धरून बसला. त्याला चेष्टा करायची होती, पण ठेका चांगला होता. मला धीर आला.

"समजा, एक घर आहे," मी म्हणालो. "बहात्तर किलोमीटरवरून पाहुणा आलाय. दारात उभा राहून विचारतो, घरात कुणी आहे का? आता घरधनी गेलाय कीर्तनाला. जाताना त्यानं दाराला पाटी लावलीय: कुणीही आलं, काहीही विचारलं, तरी उत्तर एकच, परत जा. पाहुणा परत गेला. पुन्हा आला, पुन्हा परत गेला. आणि घरधनी? घरधनी सकाळी परत येऊन घरातच बसलाय! आत बसून ओरडतोय, रस्ता खराब असणार, पाहुण्याच्या गाडीत बिघाड असणार, खांबावर माणूस चढवा. स्वतःच्या दारावरची पाटी काही त्याला दिसेना."

"आन् त्यो घरधनी कोन?" झाकणवाल्यानं ठेक्यावरच विचारलं.

"मी."

ठेका एकदम जोरात वाजला. अंगण खदाखदा हसलं. खोतसुद्धा मिशीला हात लावून हसले. मी खाली वाकून सगळ्यांना एकत्र नमस्कार केला. म्हणालो, "अकरा कॅन माझ्यामुळे नासले. ना लाईनमुळे, ना मशीनमुळे, ना खोतसाहेबांमुळे. मला माफ करा."

"कीर्तन तरी बरं व्हतं का?" कुणीतरी ओरडलं.

"फार चांगलं होतं," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

पुन्हा हशा. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात रांगेच्या टोकाला बसलेली एक म्हातारी उठली. हौसाबाई म्हणून होती, माळावरच्या वस्तीवरून डोक्यावर कॅन घेऊन चालत यायची. अकरांतला एक तिचा होता. ती हसली नव्हती. रागावलेलीही दिसत नव्हती. तिला नुसतं काहीतरी कळलेलं नव्हतं.

"लेकरा, एक इचारू?"

"विचारा, आजी."

"त्या मशिनीनं इचारलं काय व्हतं?"

"प्रिंटरला कागद लावलाय का, एवढंच."

"मग लावला न्हवता व्हय?"

झाकणावरची बोटं थांबली. मी चुळबुळलो. आदल्या दिवशी निघताना मी तक्त्याचा साधा कागद काढून चलनाचा तीनरंगी कागद लावून गेलो होतो, सकाळी गडबड नको म्हणून. तो रात्रभर तिथंच होता. सकाळीही होता.

"लावला होता," मी म्हणालो. "मीच लावला होता."

तिनं थोडा विचार केला. "मंजी नुसतं व्हय म्हणायचं व्हतं."

"हो, आजी."

कुणी हसलं नाही. खाली वाकून तिनं आपल्या कॅनचं झाकण काढलं. दुधाला अजून फेस होता.

"ओतू का?" तिनं विचारलं.

उत्तर द्यायला खोतांनी तोंड उघडलं होतं, पण त्यांनी ते मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. मग सगळं अंगणच माझ्याकडे बघायला लागलं.

"हो आजी," मी म्हणालो. "ओता."